पुढं आलेला करंडा

सुनेचं कुंकवानं माखलेलं बोट माझ्या कपाळापाशी आलं आणि सासूनं तिचं मनगट धरलं.

"अगं थांब. सिस्टरला करंडा दे. त्या आपल्या हातानं लावून घेतेत."

संक्रांतीचं हळदीकुंकू. सुनेच्या हाती करंडा यंदा पहिल्यांदाच आला होता, एरवी सासूच लावायची. डोंगरकड्याजवळच्या एका गावात मी नर्स आहे. घर तिथल्या बड्या बागायतदाराचं. सतरंजीवर पंधरा-वीस बाया. सगळ्यांच्या कपाळाला सुनेनं बोट टेकवलं होतं. माझ्यापाशी ते थांबलं.

सांगायची लाज वाटते, पण आधीची दोन वर्षं मला तो मान वाटला होता. शिकलेली, सरकारी नोकरीतली बाई, म्हणून चांदीचा करंडा पुढं धरतात. मी खुशीत लावून घ्यायचे. आईला कौतुकानं सांगितलं, तर ती उठून चुलीपाशी गेली. वेशीबाहेरच्या वस्तीतली माझी आई. अशा घरांच्या ओसरीखाली उभी राहायची, तिच्या पदरात वाण वरून पडायचं. मी ओसरीखालून सतरंजीवर आले होते, एवढंच. मूर्ख कुठली!

आणि याच सुनेचं बाळंतपण वर्षापूर्वी मी केलं होतं. नाळ मी कापली. लेकरू रडेना, तेव्हा त्याची पाठ मी चोळली. ते रडलं तेव्हा याच सासूनं माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. तेव्हा चालले. करंड्यातली हळद आमच्याच बायांनी शेतातून काढलेली, शिजवलेली. तीही चालते. माझं कपाळ तेवढं चालत नाही.

सुनेनं करंडा पुढं केला. मी हात मागं घेतले.

"सूनबाईच्या बोटानं लावा, काकू. न्हाईतर राहू द्या."

"काहून एवढं मनाला लावून घेता? आमी असलं काही मानत न्हाई."

"मग लावा की."

बाया हातातल्या तिळगुळाकडं बघत बसल्या. सुनेनं सासूकडं पाहिलं आणि बोट पदराला पुसलं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. मिनिटभरात शिकली पोरगी. ही रीत कुणी ओरडून शिकवत नाही. मनगट धरलं की झालं.

मी उठले. हळदीकुंकवातून सवाष्ण कुंकू न लावता गेली तर अपशकुन म्हणतात. होऊ दे.

तेव्हापासून मी लोकांची तोंडं बघत नाही, हात बघते. तोंडं शिकलीत. अहो-जाहो करतात, वर बसा म्हणतात. हातांनी अजून काहीच सोडलेलं नाही.

त्या लेकराला लस द्यायला मी जाते. जाणारच, ते माझं काम आहे. आणि हळदीकुंकवालाही जाणार, दर वर्षी. करंडा पुढं आला की हात मागं. सगळ्यांच्या देखत. मागच्या बाया खोळंबतील. खोळंबू देत. बोट कपाळाला लागेपर्यंत आता मी उठणार नाही.