कौतिकावहिनींची गिरणी

कुणाच्याही घरी गेल्या की कौतिकावहिनींचा हात आधी पिठाच्या डब्यात जायचा. घरच्या बाईला विचारायची त्यांना गरज वाटत नसे. चिमटीत पीठ घ्यायचं, अंगठ्यानं बोटावर चोळायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल सांगून टाकायचा. "ज्वारी वली होती. दोन दिवस उन्हात टाकाची, मंग दळाची." किंवा नुसतंच, "हे माहं नाई." म्हणजे हे पीठ त्यांच्या गिरणीतलं नाही. यात त्यांची चूक झालेली मी कधी पाहिली नाही. आज त्या हयात नाहीत, पण आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका अजून भाकरी चिरली की त्यांची आठवण काढतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा मला धड दिसलाही नव्हता. मी बुलढाण्याची, कारकुनाची मुलगी. शिक्षिकेची पहिलीच नेमणूक अमडापूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात मिळाली. गावात एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार होईना. शेवटी रामभाऊंनी दिली. रामभाऊ मिलिटरीत गाड्यांचे मेकॅनिक होते. तिथून सुटून आल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या भागात तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी टाकली होती. घरात त्यांचे वडील, ज्यांना सगळं गाव बाबा म्हणे, आणि बायको कौतिका. मूलबाळ नव्हतं. बाबा ओसरीवर बसलेले असत, त्यामुळे वहिनींच्या डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली उतरलेला असे. त्या पदराआडून माझ्या हातात पाण्याचा तांब्या आला, आणि "बसा बाई" एवढे दोनच शब्द आले.

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई सुरू झाली आणि रामभाऊंना तार आली. राखीव जवानांना परत बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गिरणीला कुलूप लावलं, किल्ली बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "मी येतवरिक बंद राहू दे. कोणाले देजो नको. इंजिन हात तोडते लोकायचे." वहिनींनी मान हलवली. मोटारस्टँडवर पोचवायला बाबा गेले; वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

गिरणी बंद झाल्याचा अर्थ मला आठ दिवसांत कळला. अमडापूरला गिरणी होती, पण वाटेतल्या नाल्याला पाणी होतं. गावातली जाती तोवर अडगळीत गेली होती. कुणाचा खुंटा मोडलेला, कुणाची खालची तळी अंगणात पायरी म्हणून बसवलेली. जी धड होती ती पुन्हा फिरू लागली. पहाटे उठून दळायचं, मग भाकरी, मग वावरात तण निंदायला. माझ्या वर्गातल्या मोठ्या मुली शाळेत येईनाशा झाल्या. विचारायला गेले तर त्या जात्यावर आईसमोर बसलेल्या. एका मुलीनं तळहातावरचे फोड दाखवले. ते मी घरी येऊन वहिनींना सांगितलं. संध्याकाळी मी पाहिलं, त्या कुलूप उघडून आत गेल्या होत्या आणि इंजिनासमोर नुसत्याच उभ्या होत्या.

"येते का हो तुम्हाला चालवता?" मी विचारलं.

"पाहून पाहून येते," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं सैपाकघरातून पाहून राह्यली. वरची खिट्टी उचलाची, हँडलनं चाक फिरवाचं, जोर आला का खिट्टी पाडाची अन् हँडल झटकन काढून घ्याचं. नाई काढलं तर मनगट गेलं."

"मग?"

"मंग काय. ते नाई म्हणून गेले ना."

त्याच आठवड्यात तालुक्याहून एक साहेब भाषणाला आले. सगळा गाव शाळेच्या पटांगणात जमला होता. माता-भगिनींनी जवानांसाठी स्वेटर विणावेत, दागिने द्यावेत, या लढाईत स्त्रियांनी मागे राहू नये, असं त्यांनी सांगितलं. बायकांच्या घोळक्यात वहिनी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि पदराआडून कानात म्हणाल्या, "बाई, त्यायले विचारा. सुटर मले येत नाई. जिचा नवरा लढाईवर हाये तिनं त्याचं काम केलं तर चालते का?"

मी उठून उभी राहिले. प्रश्न जसाच्या तसा विचारला. साहेब म्हणाले, "चालतं म्हणजे काय, यापेक्षा मोठी देशसेवा कोणती?" पुढे बसलेल्या कर्त्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आपण कशाला टाळ्या वाजवल्या हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

सकाळी गिरणीचं दार उघडं होतं. वहिनींनी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला होता आणि वर नवऱ्याचा खाकी सदरा घातला होता. डोक्यावरचा पदर मात्र तसाच. समोरच्या पाराशी सात-आठ पुरुष येऊन बसले. पहिल्यांदा हँडल मारलं, चाक दोन फेरे फिरून थांबलं. पारावर हसू झालं. दुसऱ्यांदा खिट्टी लवकर पडली, हँडल उलटं फिरलं आणि त्यांनी ते वेळेवर सोडलं म्हणून हात वाचला. हसणं आणखी वाढलं. वहिनी बाहेर आल्या, दोन्ही तळहात मातीला पुसले, कुणाकडे न बघता परत आत गेल्या. तिसऱ्यांदा इंजिन धापा टाकत सुरू झालं, भिंती हादरल्या, आणि धुराड्यावरच्या डब्यातून तो पुक-पुक आवाज गावभर गेला. तासाभरात दारात दळणाच्या टोपल्यांची रांग लागली. रांगेत सगळ्या बायकाच होत्या.

गावात दाजिबा म्हणून मोठे शेतकरी होते. त्यांनी जाहीर केलं की बाईच्या हातचं गिरणीचं पीठ आमच्या घरात यायचं नाही. त्यांचं दळण नाल्याच्या पाण्यातून अमडापूरला जाऊ लागलं. हे वहिनींच्या कानावर आलं तेव्हा त्या टोपलीत पीठ भरत होत्या. "काऊन? त्यायच्या घरी जात्यावर कोण दळे? दाजिबा का?" एवढंच म्हणाल्या आणि पुढची टोपली घेतली. रांगेतल्या बायकांनी ते वाक्य त्याच दिवशी घरोघर पोचवलं.

खरी अडचण पदराची होती. सासरे समोर ओसरीवर, त्यामुळे डोकं उघडं टाकायची सोय नाही. आणि इंजिनापासून चक्कीपर्यंतचा लांब पट्टा सारखा फिरत असायचा. एके दिवशी धान्य ओतायला वाकताना पदर पट्ट्यात गेला. मी शाळेतून येत होते. मला दिसलं ते असं, की वहिनी मागे ओढल्या जाताहेत आणि त्यांनी दोन्ही हातांनी खांब धरला आहे. लुगडं जुनं होतं म्हणून टरकन फाटलं. त्यांनीच जाऊन इंजिन बंद केलं. गळ्याला लाल वळ उठला होता.

बाबा ओसरीवरून उतरून आले. हा माणूस सुनेशी कधी समोरासमोर बोललेला मी पाहिला नव्हता. पट्ट्यात अडकलेली चिंधी त्यांनी हातानं सोडवली आणि म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून पदर कमरेले खोचत जा. डोक्यावर नको."

"मामाजी, तुमी समोर बसता."

"मी बसतो ना. मीच सांगून राह्यलो. गावाले काय सांगाचं ते माह्याकडे."

गावाला त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं. उघड्या डोक्याची सून पाहून दाजिबांनी टोमणा मारला, तेव्हा बाबा म्हणाले, "दाजिबा, मले पदरापरीस सुनेचं डोकं जास्त कामाचं हाये." त्यानंतर पारावरची बैठक हळूहळू मोडली. बायकोच्या तगाद्यानं दाजिबांचं दळणही महिनाभरात आमच्या गिरणीवर आलं.

रामभाऊंना वहिनींची पत्रं मीच लिहीत असे. त्यांत गिरणीचा शब्द नसायचा. पण दोन महिन्यांत दगड झिजले, पीठ जाडंभरडं यायला लागलं. दगडांना टाकी लावणं, म्हणजे त्यांवरच्या खाचा, टाके, छिन्नीनं पुन्हा खोल करणं, हे त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं. एका संध्याकाळी म्हणाल्या, "लिहा बाई. गिरणी चालू हाये. मी चालवते. दगड गुळगुळीत झाले. टाकी कशी लावाची ते कळवा."

"जरा समजावून लिहू का? त्यांना राग येईल."

"राग आला तर पत्रात येईन. त्याच्यासंगं दगडाचंबी येईन."

पत्र गेलं, उत्तर मात्र येईना. लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगून झालं होतं, तरी रामभाऊंचं काही कळत नव्हतं. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की वहिनी इंजिन बंद करायच्या. तो मान हलवून पुढे गेला की पुन्हा हँडल मारायच्या. एकदा मी म्हटलं, "थोडी विश्रांती घ्या, वहिनी." त्या म्हणाल्या, "नको. हे चालू असलं का मले दुसरं काई आयकू येत नाई. बरं असते." त्या दिवशी पीठ उडून त्यांचा चेहरा पांढरा झाला होता आणि डोळ्यांखाली दोन ओघळ होते.

उत्तर आलं ते तीन आठवड्यांनी. मी ते घाईत फोडलं. आत रागाचं एक अक्षर नव्हतं आणि कौतुकाचंही नव्हतं. खुशालीच्या दोन ओळी, आणि मग अख्खं पानभर दगडाचं चित्र: कुठली खाच किती खोल, छिन्नी कशी धरायची, मधोमध काय सोडायचं. वहिनींनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "पत्र तपासणाऱ्या साहेबाले वाटलं असन, हा कोण्या किल्ल्याचा नकाशा हाये," त्या म्हणाल्या आणि किती तरी दिवसांनी हसल्या. दगड उतरवायला बाबा आणि शेजारचे दोघे आले. छिन्नी वहिनींनीच चालवली.

उन्हाळ्यात रामभाऊ परत आले, धडधाकट. गावानं हार घातले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणी उघडली आणि वहिनी कुणी न सांगता स्वयंपाकघरात गेल्या. खाकी सदरा धुऊन खुंटीला लावला. सगळं पूर्वीसारखं झालं असं सगळे धरून चालले. आठ दिवस मी पाहत होते. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबायचा. "पट्टा ढिला हाये," त्या तव्याकडे बघत म्हणायच्या. बायका दळण ठेवून मागच्या दारानं आत यायच्या आणि कुजबुजायच्या, की पीठ पहिल्यासारखं येत नाही.

नवव्या दिवशी रामभाऊ जेवायला बसले होते. मीही तिथेच होते. ते म्हणाले, "दगड तर बरोबर हायेत. मंग बाया काऊन कुरकुर करून राह्यल्या?"

वहिनींनी भाकरी वाढली आणि समोर बसल्या. "तुमी काढून देल्ले तसे टाके गव्हाले चालतेत. ज्वारीले कडेचे जरा उथळ लागतेत. मी तसे केले होते. तुमी आल्यावर पुन्हा खोल केले."

रामभाऊ घास हातात धरून राहिले. "हे सांगितलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं नाई." मग त्या म्हणाल्या, "तुमी लढाईवर गेले म्हणून मी शिकली. आता तुमी आले म्हणून इसरू का?"

बाहेर ओसरीवर बाबा खाकरले. रामभाऊंनी जेवण संपवलं, हात धुतले, शेजाऱ्यांना बोलावून दगड उतरवला आणि छिन्नी आणून बायकोच्या पुढे ठेवली. "दाखव," म्हणाले. मग ते उकिडवे बसून बघत राहिले, आणि वहिनी एकेक टाका घालत त्यांना समजावत राहिल्या. मेकॅनिक माणूस, चांगलं काम समोर दिसलं की त्याला मान तुकवणं त्यांना जड गेलं नसावं. पेरणीच्या सुमाराला ते बापाच्या वावरात उतरले. इंजिन बिघडलं तर तेवढ्यापुरते यायचे. खाकी सदरा पुन्हा खुंटीवरून खाली आला.

पुढच्या वर्षी माझी बुलढाण्याला बदली झाली, आणि लग्नाची बोलणी सुरू झाली. पहिल्या स्थळाकडच्यांनी विचारलं, लग्नानंतर मुलगी नोकरी सोडेल ना? वडील माझ्याकडे पाहायला लागले. एरवी अशा बैठकीत मी मान वर केली नसती. मी म्हटलं, "नाही सोडणार." ते स्थळ गेलं. दुसरं आलं, त्यांनाही मी तेच सांगितलं. ती माणसं जरा विचारात पडली, आणि मग हो म्हणाली.

लग्नाला कौतिकावहिनी आणि रामभाऊ आले. त्यासाठी गिरणी एक दिवस बंद ठेवली होती. मांडवात माझ्या सासूबाई आलेल्या बायकांची चौकशी करत फिरत होत्या. वहिनींपाशी येऊन त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमचे मालक काय करतात?"

"ते वावर पाह्यतेत," वहिनी म्हणाल्या. "गिरणी मी चालवते."

सासूबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्या सतरंजीवर वहिनींच्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "मला एक सांगा हो, आमच्याकडे बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू होतं, ते कशानं?"

पंगती उठल्या तरी त्या दोघी तिथेच बसून होत्या.