कॉमिक्स कोपऱ्यातला पूल

पराग खुर्चीवर चढला, तेव्हाच आजचा वाद हाताबाहेर चालल्याचं मला कळलं. जळगावच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. कॉमिक्स कोपरा माझे सहकारी सुरेशभाऊ यांनी उभा केला. दर रविवारी तिथं मुलांचा वाद रंगतो, त्याचे पंचही तेच. होळीच्या आधी ते वारले. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच वाद, आणि विश्वस्त नाना मुद्दाम येऊन बसलेले.

कॉमिक्सवाल्यांची दोन ‘युनिव्हर्स’. युनिव्हर्स म्हणजे एका कंपनीच्या सगळ्या सुपरहिरोंचं मिळून एक जग. हिरो सहसा एकमेकांच्या जगात जात नाहीत. चाहते तर अजिबात नाहीत. जळगावच्या मुलांचं एक, धुळ्याहून बसने येणाऱ्यांचं दुसरं.

नानांना कोपऱ्याचं ‘वीडिंग’ करायचं होतं. म्हणजे न वाचली जाणारी पुस्तकं कपाटातून काढून टाकायची. त्या जागी स्पर्धा परीक्षेची टेबलं.

“भांडण झालं तर कोपरा काढायला मी थांबणार नाही, ताई,” त्यांनी आधीच बजावलं होतं.

“तुमचे हिरो जन्मतःच देव. फुकटनं शे बठ्ठं!” जळगावचा पराग अहिराणीत ओरडला. सगळं फुकटचं, म्हणे.

“आणि तुमचे? रडण्यातच अंक संपतो,” रुबिना म्हणाली. ती धुळ्याची, वडिलांच्या कटलरीच्या दुकानात बसणारी. “तुमचे ठोकळ्यांचे सेटसुद्धा बघ. छापील चित्रं कमी, निम्मे स्टिकर!”

टेबलावर भाऊंनी जोडलेला ठोकळ्यांचा पूल होता. दोन्ही युनिव्हर्सचे सेट सुटे करून केलेला. एका टोकाला यांचा हिरो, दुसऱ्या टोकाला त्यांचा. परागने आपला हिरो उचलायला हात घातला. रुबिनाने त्याचं मनगट धरलं. पूल फरशीवर फुटला.

नाना उठले. “उद्या टेबलं मागवतो.”

मी कमी बोलते. पण भाऊंचा नियम मला पाठ होता: वाद चिघळला की समोरच्याची बाजू आपण मांडायची.

“नाना, जरा बसा. पराग, खाली उतर. आता रुबिनाची बाजू तू मांड.”

“मी?”

“तू.”

तो ठोकळे गोळा करत बोलू लागला. “त्यांच्या हिरोला स्वतःच्याच ताकदीची भीती वाटते. हातात चिरडलं जाईल म्हणून तो लेकरू उचलून घेत नाही.”

“हे कुठल्या अंकात आहे?” रुबिनाने विचारलं.

“इथंच, वरच्या फळीवर. तू वाचला नाहीस?”

सगळे हसले. “गप रे,” ती म्हणाली. मग सावकाश, “यांचे हिरो हरतात. तरी दुसऱ्या दिवशी कामावर जातात. आमच्यात तसं नाही.”

मी नानांकडे वळले. “वीडिंग न वाचलेल्या पुस्तकांचं करतात, नाना. इथं विरोधी पक्षही वाचतो.”

खुर्चीखालचा लाल ठोकळा उचलून नानांनी विचारलं, “हा कुणाचा?”

“कुणाचाही चालतो,” पराग म्हणाला. “साचा एकच आहे.”

“टेबलं वरच्या खोलीत लावू,” नाना म्हणाले. “खुर्चीवर मात्र कुणी चढायचं नाही.”

पूल पुन्हा उभा राहिला, पण एक ठोकळा उरला. तो कुठे बसतो, हे भाऊंनाच ठाऊक. मी तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. आणि पूल कपाटावर. वादाच्या टेबलावर मोडेल असं काही ठेवू नये, एवढं मी शिकले.