आबांनी आमच्या सोलर पॅनेलवर सावली धरली

मित्रहो, या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

आमचा नवा सौर सेल कडक उन्हात टिकतो हे सिद्ध झाल्याशिवाय कोणतीही कंपनी तो बाजारात आणणार नाही. म्हणून इनामगावला फूलशेती करणाऱ्या आबांच्या मळ्यात आम्ही उन्हाळाभर एक पॅनेल चाचणीसाठी ठेवले होते.

आज पाहतो तर त्यावर हिरवी शेडनेट ताणलेली!

"आबा, हे काय?"

"आवो सर, उन्हानं ह्ये लवकर खराब व्हतं, आसं तुम्हीच म्हणला व्हता ना? जरबेऱ्यावर घालतो तशी घातली. बघा, कसं नव्यावानी हाय!"

चाचणी वाया गेली. आता असे ऊन थेट पुढच्या वर्षी. सेलची उणीव मी तासभर समजावली, पण ती उन्हातच तपासायची आहे, हे सांगायचे राहिले.

तुमचे असे कोणते वाक्य राहून गेले आहे?