मौरित्सच्या सायकलचं बेअरिंग

ओडीलच्या शेडमध्ये सायकल स्टँडवर चढली की पहिल्यांदा चेन उतरायची. पायडल जड जातंय म्हणून येणारा प्रत्येक जण आपापला अंदाज सांगत यायचा. ओडील हात वर करायचा. "आधी चेन काढू दे. मग बोल."

चेन उतरली की चाकाकडचा दोष चाकाकडे राहतो आणि पायडलच्या दांड्यांकडचा दांड्यांकडे. मग एकेक सुटं फिरवून बघायचं. मागचं चाक, ब्रेक घासतोय का, चेन ताणून धरणाऱ्या दोन छोट्या दातेरी चकत्या, पायडलं. सगळ्यात शेवटी, पायडलच्या दांड्या ज्याच्यावर फिरतात ते बेअरिंग. ते बाहेरून दिसत नाही, आवाजही क्वचितच करतं. दांडीच्या टोकाला बोटं लावून ती सावकाश फिरवायची. आत खराबी असली तर बोटांना कळते.

एक्केचाळीस वर्षं ओडीलनं लाय नदीकाठच्या कापड गिरणीत माग दुरुस्त केले होते. निवृत्त झाल्यावर तो गावातल्या सायकलस्वारांच्या क्लबच्या सायकली बघू लागला. त्यानं "सायकल ठीक आहे" म्हटलं की विषय संपायचा.

पण दोन हिवाळ्यांपासून त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. शर्टाची बटणं आरशात बघून लावावी लागत. एकदा सूपचं पातेलं उचललं, तर फोड आल्यावर भाजल्याचं कळलं. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शेड बंद करावी लागली असती.

सप्टेंबरात मौरित्सनं आपली सायकल साफसफाईला आणली. मौरित्स गवंडी होता. सदुसष्ट वर्षांचा, आणि तीस वर्षं दर रविवारी ओडीलच्या शेजारून सायकल चालवणारा. ओडीलनं दांड्या उघडल्या, ग्रीस भरलं, परत बसवल्या. शेवटी बाजूला एक प्लास्टिकचं झाकण लावायचं असतं. ते दोन बोटांनी आवळायचं, ढिलाई जाईपर्यंत, बस्स. जास्त आवळलं तर बेअरिंग दाबलं जातं आणि आतले छर्रे आपली वाट कुरतडत बसतात.

नोव्हेंबरात मौरित्स परत आला.

"ओडील, काहीतरी खरखरतंय रे. ओल्या वाळूतून चालवल्यासारखं वाटतं."

ओडीलनं चेन उतरवली. चाक बघितलं, ब्रेक बघितला, चकत्या, पायडलं. शेवटी दांडीला बोटं लावली आणि फिरवली. काही लागलं नाही. ह्या बोटांना काहीच लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. शेडमध्ये क्लबचे आणखी दोघं उभे होते. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"सायकल ठीक आहे."

"मग जड का जातंय?"

"सदुसष्ट पूर्ण केलीस ना? पायांना विचार."

सगळे हसले. मौरित्सही हसला.

क्लबची एक रीत आहे. पहिल्या, वेगानं जाणाऱ्या गटातून तीन रविवार मागे पडलास की चौथ्या रविवारी आपणहून दुसऱ्या गटात उभं राहायचं. कुणी सांगत नाही. नाताळाच्या आधी मौरित्स दुसऱ्या गटात जाऊन उभा राहिला. जानेवारीत यायचाच थांबला.

"मौरित्स कुठाय?" कॅफेत कुणीतरी विचारलं.

"शेगडीजवळ. मांजराशी शर्यत लावतोय."

"जिंकतं कोण?"

"मांजर!"

ओडीलही त्यांच्याबरोबर हसला. हातातली बिअर मात्र त्याला संपवता आली नाही.

फेब्रुवारीत मौरित्सची बायको गोदेलीव सायकल घेऊन आली. तीही त्याच गिरणीतली. तयार कापडावरून हात फिरवून डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठी शोधायचं काम तिनं तीस वर्षं केलं होतं.

"जरा पुसून दे. गेंटला राहणाऱ्या जावयाला देतोय."

"आणि मौरित्स?"

"तो म्हणतो, झालं आपलं. डॉक्टरकडे जाऊन छातीला तारा लावून आला. काही निघालं नाही, तरी ऐकत नाही. लेकीच्या बागेची भिंत बांधणार होता, तीही दुसऱ्याला द्यायला सांगितलीन."

ओडीलनं सायकल स्टँडवर घेतली. सवयीनं चेन उतरवली आणि फडकं घ्यायला वळला. गोदेलीव उभ्या उभ्या दांडी फिरवत होती. मध्येच थांबली.

"ओडील, ह्यात वाळू आहे."

"कुठे?"

"इथे. आणि इथे. आता परत." तिनं त्याचा हात धरून दांडीवर ठेवला आणि फिरवला. "लागतंय ना?"

तिनं त्याच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"तुला लागत नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

त्यानं झाकण उघडायला घेतलं. निघेना. पान्यानं जोर लावावा लागला. जे दोन बोटांनी आवळायचं ते त्यानं मुठीनं आवळलं होतं. आतून तांबूस चिखल निघाला. छर्रे फिरायची वाट खड्ड्या-खड्ड्यांची झाली होती. म्हणजे दोष त्यानंच घातला होता, त्यालाच सापडला नव्हता, आणि खापर मौरित्सच्या पायांवर फोडून तो मोकळा झाला होता.

नवं बेअरिंग कपाटात होतं. गुपचूप बसवून टाकलं असतं तर जावयाला कळलं नसतं. गोदेलीवही कदाचित बोलली नसती. पण असं अर्धं काम करून तो कधी गिरणीतून घरी गेला नव्हता. त्यानं हात धुतले, खराब बेअरिंग फडक्यात गुंडाळलं आणि तिच्याबरोबर निघाला.

मौरित्स स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. ओडील बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: झाकण, बोटं, नोव्हेंबर. मौरित्सनं सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"बेअरिंगचं नाही. बोटांचं माहीत होतं."

"आणि तरी चारचौघांत मला म्हातारा म्हणालास."

"हो."

"रात्री जिना चढताना मी थांबून नाडी बघतो रे, गाढवा. तीन महिने." त्यानं बेअरिंग उचलून उजेडात धरलं. "हे एवढंसं. किती बळ खातं हे?"

"थोडं. माणूस गटातून मागे पडावा इतकं नाही."

"मग बाकीचं?"

"बाकीचं माझं बोलणं."

मौरित्सनं बेअरिंग टेबलावर ठेवलं आणि पुढचा बटाटा घेतला. तो सोलून संपवला.

"बसव," शेवटी तो म्हणाला. "पण झाकण गोदेलीव लावेल. तू हात लावायचा नाहीस."

रविवारी कॅफेसमोर सगळे जमल्यावर ओडीलनं तेच परत सांगितलं, शब्द न बदलता. आपल्या सायकली आता दुसऱ्या कुणाला दाखवा, असंही सांगितलं. कुणी थट्टा केली नाही. केली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मौरित्स आला होता. दुसऱ्या गटात उभा होता.

"पहिल्यात चल," ओडील म्हणाला.

"नको. पाय खरंच गेलेत की नाही, मला आता कळत नाही. आधी कळायचं."

ओडीलनं आपली सायकल वळवली आणि दुसऱ्या गटात आणली. मौरित्सनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"कालव्यावर वारा समोरून आहे," तो म्हणाला. "तू पुढे हो."

ओडील पुढे झाला. कालव्याच्या काठानं चौदा किलोमीटर तो एकटाच वारा कापत राहिला. एरवी वारा झेलायला सगळे आळीपाळीनं पुढे येतात, पण मागून कुणी जागा बदलायला आलं नाही, आणि त्यानंही मागितली नाही.