खसखशीचा संशय

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. शशिकांतरावांचं तोंड कधी कशाने पोळलं नव्हतं, तरी ते साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांचं कामच गळती शोधण्याचं. कुणी "व्हॉल्व्ह बंद आहे" म्हटलं की हे उठून स्वतः बघून येणार. कारखान्यात या सवयीचं कौतुक होई. घरात कुंदाताई ती सोसत.

त्यांची लेक सुकन्या शारजात बाळंत झाली आणि कुंदाताई पहिल्यांदाच एकट्या विमानाने निघाल्या. शशिकांतरावांनी तिथले नियम वाचून काढले आणि चहाबरोबर, जेवणाबरोबर ऐकवायला सुरुवात केली.

"खांदे, गुडघे झाकलेले हवेत."

"अहो, मी या वयात उघडी कुठे हिंडणार आहे?"

"विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. रमजान चालू आहे, दिवसा चारचौघांत खायचं-प्यायचं नाही. कुणाला काही देताना उजवा हात."

"आपल्याकडे डाव्या हाताने कोण देतं?"

"आणि खसखस न्यायची नाही. आल्झो, म्हणजे एक दाणासुद्धा नाही. तिथे ती अंमली पदार्थांत धरतात. तुरुंगात जाशील."

कुंदाताई तेव्हा लाडवांसाठी डिंक तळत होत्या. इथे बेकरीत पावावरसुद्धा खसखस पेरलेली असते. तिच्यापायी तुरुंग, हे त्यांना नवीन होतं. "बरं, नाही घालत," त्या म्हणाल्या.

झालं! शशिकांतरावांना ते "बरं" फार लवकर आल्यासारखं वाटलं. खसखशीशिवाय डिंकाचा लाडू म्हणजे बाळंतिणीची फसवणूक, असं हीच बाई जन्मभर सांगत आली होती. निघायच्या दिवशी त्यांनी फडताळ उघडून पाहिलं, तर खसखशीची बरणी रिकामी. सरळ विचारायचं की नाही? पण संशयी माणूस विचारत नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, असं त्याला वाटतं.

कुंदाताई सामान तोलायचा काटा आणायला खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, देवश्रीकडे गेल्या, तेवढ्यात यांनी बॅगेतला डबा काढला. एक लाडू फोडला. भाजलेल्या खोबऱ्याचा कण न् कण त्यांना खसखस वाटू लागला. दुसरा फोडला, मग तिसरा, मग उरलेले सगळे. खसखशीचा एक दाणा सापडला नाही. तूप थिजलेलं, त्यामुळे लाडू पुन्हा वळले जाईनात. चुरा तसाच डब्यात दाबून त्यांनी झाकण लावलं. बायकोला तुरुंगातून वाचवलं, अशी स्वतःची समजूत घातली, पण त्यांना लाज वाटत होती. विमानतळावर निरोप देतानाही त्यांनी लाडू फोडल्याचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुकन्याचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर बाळ, हातात चमचा.

"बाबा, कस्टमवाल्यांनी आईच्या लाडवांचा पार भुगा केला बघा. तुम्ही म्हणत होतात तेच खरं, फार संशयी लोक."

शशिकांतरावांचा जीव भांड्यात पडला. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, "मी सांगतच होतो."

कुंदाताईंनी सुकन्याच्या हातून फोन घेतला आणि त्या दुसऱ्या खोलीत गेल्या. "अहो, कस्टमवाल्याने डबा उघडलाच नाही. काय आहे विचारलं, मी सांगितलं, लेक बाळंत झालीय, तिचं खाणं आहे. त्याने हसून मला जायला सांगितलं, बाळाला आशीर्वादही दिला. आणि बरणीतली खसखस रविवारी तुमच्या मटणाच्या रश्शात गेली. दोनदा वाढून घेतलात."

"मी फोडले," शशिकांतराव म्हणाले.

"माहीत आहे. सुकन्याला नाही सांगितलं. बापाच्या वाट्याचा दोष त्या परक्या माणसाच्या माथी मारला मी, त्याने आशीर्वाद दिला होता तरी."

"कुंदा, मी तिला सांगतो."

"सांगा," त्या म्हणाल्या. "आणि फ्रीजरमध्ये पुरणपोळ्या करून ठेवल्यात. त्या तरी न फाडता खा."