तिसऱ्या स्लाइडवरची शालन मावशी

आमच्या लॅबमधली शालन मावशी गेली, आणि त्याला मी जबाबदार आहे.
हात जोडतो, खाली आरआयपी लिहू नका.

मावशी आमच्याकडं अटेंडंट होती. रक्ताच्या ट्यूबवर नंबर चिकटवायचे, बर्फाचा डबा आत आणून द्यायचा. आम्हाला नुसता नंबर कळतो, नाव नाही.

माझं काम त्या रक्तातल्या एचआयव्हीचं सीक्वेन्सिंग. विषाणूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचायची, तो कुठं बदललाय बघायचं. त्यावरनं कळतं, कुठली गोळी आता चालणार नाही आणि कुठली चालेल.

मागं एक सॅम्पल वाचून मी खुर्चीतनंच ओरडलो होतो.

“मावशे, काय नाद खुळा व्हायरस घावलाय! निम्म्या गोळ्यांना दाद देत न्हाय.”

“मग त्या माणसाचं काय रं?”

“गोळ्या बदलल्या की जगंल. पण असल्यांना अक्कल असत्या व्हय? गोळ्या बुडवायच्या ह्यांनी आणि निस्तरायचं आम्ही.”

“व्हय की,” म्हणाली. डबा उचलून गेली.

ते सॅम्पल तिचंच होतं.

परवा तिची लेक वैशाली लॅबमध्ये आली. आईच्या पर्समधली, रिपोर्ट न्यायची चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली. चिठ्ठीवर तोच नंबर.

मला पाठ आहे तो. माझ्या प्रेझेंटेशनच्या तिसऱ्या स्लाइडवर आहे. ‘पेशंटचा निष्काळजीपणा’ म्हणून पोरांना दाखवतो मी.

निष्काळजीपणा कसला, डोंबल!

नवरा जाताना हे दुखणं देऊन गेला. गणपतीला, लग्नाला, जत्रेला सासरी चंदगडला जायची, तेव्हा गोळ्या इथंच ठेवून जायची. भरल्या घरात बाटली कुणी बघितली तर? परत आली की पुन्हा सुरू. वर्षानुवर्षं असंच.

“रिपोर्ट न्यायला का गेली नाही गं? गोळ्यांच्या सेंटरवरनं फोन आले असतील की,” मी वैशालीला विचारलं.

“आले की. ‘येतो, येतो’ म्हणायची. गुरुवारी तिथं तुम्ही बसता न्हवं दादा? मला म्हणायची, अभ्यापुढं कसं बसू?”

रिपोर्ट गुरुवारीच मिळतात. समजावून सांगायला मीच असतो.

डोळ्यांदेखत वाळत चालली होती. मी मूर्ख, तिला म्हणायचो, “मावशे, डाएट काय गं?”
ती हसायची. चहा ठेवायची.

हे लिहू का, म्हणून वैशालीलाच विचारलं. म्हणाली, “लिहा. लपवून लपवूनच गेली ती.”

स्लाइड काढून टाकली. त्यानं काय होतंय? काही होत नाही.

उद्या गुरुवार. पुन्हा सेंटरवरच्या त्या खुर्चीत बसायचंय.

मावशे, तुला चालणारी गोळी होती गं. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत मीच लिहिली होती.

श्रद्धांजली वाहायची माझी लायकी न्हाय.

चुकलो, मावशे.