वाडीवरची कच्ची लिंबं

मी पदर खोचला, डावा पाय उचलला आणि लंगडी घालत चौकोनात शिरले. चाळिशीच्या बाईनं असले उद्योग करू नयेत हे मला कळत होतं. पण त्या मंगळीला एकदा तरी पकडायचंच असं मी मनाशी ठरवलं होतं. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून मी तिला बघत होते. बारा वर्षांची काटकुळी पोरगी, पण कुणाच्या हाताला लागायची नाही. लंगडी घालणारा जवळ आला की अंग चोरून, कमरेतून वळून अशी निसटायची की बघत राहावं. शेवटी मी तिला कोपऱ्यात गाठली, पाठीवर थाप दिली आणि ओरडले, "बाद!"

कुणी टाळी वाजवली नाही. मंगळी मटकन खाली बसली आणि डोकं धरून रडायला लागली.

"मी नाय शिवले, ताय! बाईच मला शिवल्या! माझी चूक नाय!"

हे ती मला सांगत नव्हती, कुंदाला सांगत होती. कुंदा म्हणजे आमची तिथली लीडर. गळ्यात शिट्टी अडकवून ती चुन्याच्या रेषेवर उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता.

इथे थोडं मागे जायला हवं. ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आमची एक लहानशी संस्था होती आणि कर्जतला एका खोलीत तिचं ऑफिस होतं. खालापूरपर्यंतच्या गावांतून आम्ही लहान मुलांसाठी खेळकेंद्रं चालवायचो. खरं तर ती आम्ही चालवायचो नाही, नववी-दहावीतली मुलंमुली चालवायची. त्यांना आम्ही 'लीडर' म्हणायचो. आधी त्यांचं ट्रेनिंग व्हायचं. तक्रार आली तर दोन्ही बाजू ऐकून घ्या, सगळ्यांना धरून मार्ग काढा, आणि काही झालं तरी खेळ बंद पडू देऊ नका, हे मी शंभरदा घोकून घेतलेलं असे. आम्हा मोठ्यांना नियम एकच, लीडरला आयतं उत्तर द्यायचं नाही. अडला तर अडू द्यायचा, त्यातूनच तो शिकतो.

हे गाव लोधिवलीच्या आत, पायवाटेनं गेल्यावर लागायचं. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. गावात भातशेतीवाली घरं आणि ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी. वाडीवरची पोरं गावात खेळायला येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. कुंदाच्या केंद्रात ती आली. सेक्रेटरी साहेबांना मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. ते ऐकून मुंबईचे पाहुणे केंद्र बघायला येणार होते. माथेरानला होणाऱ्या लीडर-शिबिरासाठी कुंदाचं नाव जवळजवळ पक्कं होतं.

मंगळी रडतरडत ओढ्याकडे पळाली. तिच्यामागे वाडीवरची बाकीची पोरंही गेली. मी कुंदाला बाजूला घेतलं.

"काय झालं गं? बाद झाली म्हणून कुणी एवढं रडतं?"

"ती बाद व्हत नाय, बाई. कच्चं लिंबू हाय ती. वाडीवरची सगलीच कच्ची लिंबं हायेत."

कच्चं लिंबू आपण सगळ्यांनीच बघितलंय. धाकटं भावंड खेळायचा हट्ट धरतं. मग त्याला खेळात घ्यायचं, पण बाद करायचं नाही आणि त्याच्यावर डावही द्यायचा नाही. ते आपलं खुशीत पळत राहतं. पण चार वर्षांचं पोर वेगळं आणि बारा वर्षांची धडधाकट मुलगी वेगळी.

"एवढी मोठी पोरगी कच्चं लिंबू कशी?"

कुंदा जमिनीकडे बघत म्हणाली, "म्हंजे तिला कोनी शिवायला नको."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, ती विटाळाबद्दल बोलत होती, आणि मला ऐकवेना.

ती मात्र सरळपणे सांगत होती. पहिल्याच दिवशी गावातल्या आया तक्रार घेऊन आल्या होत्या. वाडीवरच्या पोरांशी शिवाशिव झाली तर आमची पोरं धाडणार नाही. कुंदानं पोरांची मीटिंग घेतली. "तुमी शिकवलंय तशीच. दोन्ही बाजू ऐकल्या. खेल बंद पडू द्यायचा नवता. मग ह्यो मार्ग काढला."

"आणि चुकून कुणी शिवलं तर?"

"वाडीवरच्यांना सांगितलंय, तुमी सांभाळून ऱ्हायचं. शिवलं कोनी, तर दुसऱ्या दिवशी यायचं नाय."

मी तिथल्याच दगडावर बसले. ज्या चपळाईचं मी इतके दिवस कौतुक करत होते ती भीती होती. ती पोर खेळत नव्हतीच, जीव मुठीत धरून अंग वाचवत होती. आणि इतकी नीट, इतकी बिनबोभाट ही व्यवस्था कुणी बसवली, तर पंधरा वर्षांच्या एका गुणी मुलीनं. माझंच ट्रेनिंग शब्दशः वापरून! मला रागावायलाही सुचेना. दंगा झाला असता, मारामारी झाली असती, तर मला एवढा धक्का बसला नसता.

दुसऱ्या दिवशी वाडीवरचं एकही पोर आलं नाही. मी कर्जत गाठलं आणि साहेबांना सगळं सांगितलं. ते पेपरवेट फिरवत ऐकत होते.

"वाईट आहे. फारच वाईट आहे. पण बाई, पोरं येतात ना? आनंदानं पळतात ना?"

"पळतात."

"मग पाहुणे येऊन जाऊ देत. तोवर आहे तसं चालू द्या. गाव बिथरलं तर केंद्रच बंद पडेल."

म्हणजे खेळ बंद पडू द्यायचा नाही. कुंदानं तरी वेगळं काय केलं होतं?

तिथून मी थेट गावात आले आणि कुंदाला घेऊन ओढ्यापलीकडे गेले. वाडीवर सामान बांधायची गडबड चालू होती. भातकापणी उरकत आली की कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात, ते पावसाच्या तोंडाला परततात. मंगळी झोपडीच्या मागे बसली होती. कुंदाला बघून उभी राहिली आणि तिनं आपणहून चार पावलं मागे घेतली.

"मी आले नाय, ताय. शिवले ना मी? तुजा नियम हाय ना."

मंगळीनं गुडघे दाखवले. दोन्ही सोलवटले होते. "बाकी कुनाला शिवूच दिला नाय मी. पडले, पन शिवू दिला नाय. इचार कुनाला पन."

परत येताना कुंदा ओढ्याच्या काठी थांबली. तिचे डोळे भरले होते.

"बाई, आता मी काय करू?"

"साहेब म्हणतात, आहे तसं चालू दे."

"आनि तुमी?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते गिळायला मला फार जड गेलं. "शिट्टी तुझ्याकडे आहे," मी म्हणाले.

ती थोडं अंतर चालली. मग एकदम तिनं विचारलं, "पाव्हने कधी येनार?"

"परवा."

"बाबा बी खुर्चीवर बसतील ना त्यांच्याबरोबर?"

"बसतील की. गावचे पोलीसपाटील आहेत."

"मंग परवाच," ती म्हणाली. काय परवाच, ते सांगितलं नाही.

पाहुणे आले. शाळेसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब, दोन खादीवाले गृहस्थ, एक बाई आणि कडक टोपी घातलेले कुंदाचे वडील. वाडीवरची पोरं कुंदानं बोलावून आणली होती, पण ती कडेला, एकमेकांना चिकटून उभी होती. कुंदानं शिट्टी वाजवली.

"आजपासून कच्चं लिंबू कोनी नाय. पयली लंगडी मंगळीची."

पोलीसपाटलांची मान झटक्यानं वर झाली. त्यांनी तोंड उघडलं आणि शेजारच्या पाहुण्यांकडे बघून मिटलं. परवाच का, ते मला आता कळलं.

मंगळी जागची हलेना. कुंदा तिच्याजवळ गेली, हाताला धरून तिला रेषेपाशी आणलं आणि हात लगेच सोडला नाही. मग मंगळीनं पाय उचलला. जी पोरगी इतके दिवस नुसती चुकवत होती, तिला कोण कुठं वळणार हे आधीच ठाऊक होतं. एकामागून एक गडी बाद होत गेले. काहींनी अंग आखडलं, एक पोरगी घाबरून रडली, पण खेळ थांबला नाही. शेवटी उरला कुंदाचा धाकटा भाऊ, बाळू. मंगळी त्याच्यासमोर आली. बाळूनं तिच्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि सरळ रेषेबाहेर उडी मारली.

कुंदानं शिट्टी वाजवली. "बाळू बाद!"

आता मात्र पोलीसपाटील उभे राहिले. रागानं लालबुंद झाले होते. मी मनाची तयारी केली.

"बाद कसा गं?" ते ओरडले. "तिनं शिवला कुटं त्याला?"

मी चाटच पडले. पोरगा पाहुण्यांसमोर हरला, हेच त्यांना झोंबलं होतं.

कुंदा हटली नाही. "रेषेभायेर गेला, बाबा. भायेर गेला तो बाद. त्याला सांगा, आत ऱ्हायचं."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. पोलीसपाटील काही क्षण तसेच उभे होते, मग खाली बसले.

त्यानंतर गावातली बरीच पोरं केंद्रात यायची थांबली. त्यातली काही परत आली, काही कधीच आली नाहीत. कुंदाला घरच्यांनी माथेरानच्या शिबिराला पाठवलं नाही. मी दोनदा विनवायला गेले, दोन्ही वेळा बाहेर ओसरीवरच चहा पिऊन परतले. वाडी चार दिवसांत भट्ट्यांवर निघून गेली.

पण ते चार दिवस मंगळी रोज खेळायला आली. दुसऱ्या दिवशी बाळूही आला आणि रेषेच्या आत राहिला. मंगळीनं त्याला शिवून बाद केलं. घरी गेल्यावर आईनं त्याला म्हणे मागल्या दारी आंघोळ घातली. तशी ती रोजच घालायची. लंगडी खेळून आलेलं पोर मळलेलं असतंच.